खिडकी न उघडणारं हॉटेल

बेर्गन, मंगळवार

माझ्या आर्विदला, तू बरा असशील असं धरून,

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. आपल्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, ती साजरी करायला हॉटेल निवडायचं म्हणून नात सुनिवा मला भारी भारी हॉटेलं दाखवत फिरवतेय. मजेत आहे मी, पण डोकं तापलंय!

पहिल्या हॉटेलात संगमरवर, गालिचे, आणि खिडकी उघडतच नाही! "आजी, हवा यंत्रातून येते," तिथला माणूस म्हणाला. मी म्हटलं, "मग मासे ठेव इथे, माणसं कशाला?" वर नवराबायकोत एकच पांघरूण! वेगवेगळी पांघरुणं होती म्हणून तर आपण पन्नास वर्षं टिकलो.

मांजर घरात घेतोस ना? आणि गोळ्या?

उशाशी खिडकी बंद असली की हल्ली तुझा श्वास अडकतो, म्हणूनच "मी येत नाही" म्हणतोस. कळतं मला.

काल बंदरावरच्या जुन्या हॉटेलात गेलो. मी आधी खिडकी ढकलली. सताड उघडली! मग कोटासकट पलंगावर आडवी झाले, तर गार वारा थेट तोंडावर. ती बाजू तुझी. आपल्या दोघांची नावं तिथे नोंदवून आले.

शुक्रवारच्या बोटीनं ये. मी धक्क्यावर उभी असेन, आणि तू उतरल्याशिवाय हलणार नाही.

तुझीच रागावलेली,
तोर्बोर्ग