बारा फासळ्यांची घुमटी

॥ श्री ॥
जालना, ६ जानेवारी २०२५

ती. आबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर खाच दाखवता येत नाही, म्हणून हे पत्र आष्टीच्या एसटीत कंडक्टरकडे देतेय. सोबत खोक्यात पुठ्ठ्याची छोटी घुमटी आहे, बारा फासळ्या वरच्या गोल कड्यात नुसत्या खाचेनं अडकवलेली; जपून उघडा.

एका बियाणे कंपनीचं प्रदर्शन गावोगाव फिरणार आहे. दारात उभी करायला त्यांना अकरा फुटी लोखंडी घुमटी हवी. सगळे तुकडे सपाट, एका टेम्पोत मावतील असे. वेल्डिंग नको, नटबोल्ट नको, खाचेत खाच अडकून उभी राहायला हवी. आमच्या कारखान्यातली लेझर मशीन लागेल तसा पत्रा कापते, पण नकाशे आमचे मालक झुंबरशेठ नेहमी संभाजीनगरच्या इंजिनिअरकडून आणतात. मी तीन वर्षं नुसते गेटपास लिहितेय. या वेळी धीर करून म्हटलं, मी काढते नकाशा. शेठनी चहा संपवला आणि म्हणाले, वीस तारखेला कंपनीच्या साहेबांसमोर उभी राहिली तर डिझाइनचं टेबल तुझं. नाही राहिली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. तेव्हापासून आमचा वेल्डर अंगद मला इंजिनिअरबाई म्हणून हाक मारतो.

आजीला नमस्कार. तुमची माया आहेच, ती अशीच राहू द्या.
आपली नात,
तृप्ती

॥ श्री ॥
आष्टी, ९ जानेवारी

चि. तृप्तीस अनेक आशीर्वाद.

घुमटी पोचली. तुझी आजी ती देव्हाऱ्यावर ठेवायला निघाली होती, हातातून काढून घ्यावी लागली. खिळ्याबिगर उभी राहते हे बघून शेजारचा साहेबराव तोंडात बोट घालून बसला. मला त्याचं नवल न्हाई. चाळीस वर्षं बैलगाडीची चाकं केली, एकाही आऱ्याला खिळा मारला न्हाई. आता टायरच्या गाड्या आल्या, मंग माझ्याकडं लोक खाटेचे पाय घेऊन येतात.

एक सांगतो. पुठ्ठा गरीब असतो, दाबला की ऐकतो. लोखंड ऐकत न्हाई. जेवण वेळेवर कर. आम्हा दोघांचा जीव तुझ्याकडं लागलेला असतो.
तुझा आबा,
पुंजाराम

॥ श्री ॥
जालना, १७ जानेवारी

ती. आबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं म्हणणं खरं झालं. काल घुमटी जुळवायला घेतली. अकरा फासळ्या बसल्या, एकेक करून हातोड्यानं पार आतपर्यंत ठोकल्या. बारावी मात्र दोन बोटं बाहेरच राहिली. ती बसवावी तर पहिली निसटते. मापं तीनदा तपासली, केसाइतकाही फरक नाही. अंगद म्हणाला, वेल्डिंगचे दोन टाके मारतो, कुणाला कळणार नाही. मी नको म्हटलं आणि स्टोअरमध्ये जाऊन रडले.

शेठ रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं की इंजिनिअरला फोन लावू का. मी रविवारपर्यंत थांबायला सांगितलंय. आबा, मला गेटपासवर परत जायचं नाही. नकाशा सोबत आहे, कुठं चुकलं ते बघा. उत्तर पहिल्या गाडीनं पाठवा.
तुमच्या आशीर्वादाच्या आशेवर,
तृप्ती

॥ श्री ॥
आष्टी, १८ जानेवारी

चि. तृप्तीस अनेक आशीर्वाद.

रडू नको. मापं बराबर आहेत, चूक हातोड्याची आहे. माझं पहिलं चाक असंच बिघडलं होतं. एकेक आरा पुरता ठोकला आणि शेवटच्याला जागाच उरली न्हाई. बापानं गिऱ्हाइकासमोर अख्खं चाक खोलायला लावलं होतं.

तूही सगळी खोल. बाराही फासळ्या नुसत्या अर्ध्या बसव. मंग भोवती फिरत एकेकीला एकच टोला दे. एक फेरा झाला की दुसरा. कुणालाच पुढं पळू द्यायचं न्हाई. हातोडा लाकडी घे, लोखंडी नको. तयारी जल्दी कर, पण ठोकताना बिलकुल घाई करू नको.

होईल. न झाल्यास घर आहेच, आणि आमची माया टेबल बघून ठरलेली न्हाई.
तुझा आबा,
पुंजाराम

॥ श्री ॥
जालना, २० जानेवारी

ती. आबांना,
शि. सा. न. वि. वि.

उभी राहिली!

काल सकाळी सगळी खोलली. अंगद कुरकुर करत होता. तुम्ही सांगितलं तसे फेरे घातले. चौथ्या फेऱ्याला त्याची कुरकुर थांबली. सहाव्या फेऱ्यात एकही फासळी हलेना, म्हणून मी घाबरून खाली वाकून पाहिलं, तर बाराच्या बारा बसलेल्या. आबा, मी तिथंच फरशीवर बसून हसत सुटले.

आज साहेबांनी विचारलं, वाऱ्यात टिकेल का. मी तोंड उघडायच्या आत अंगद वर चढला आणि वरच्या कड्यावर उभा राहून उड्या मारायला लागला. घुमटी हललीसुद्धा नाही. साहेबांनी तिथल्या तिथं आणखी तीन सांगितल्या. शेठनी विचारलं, ही युक्ती कुठल्या कॉलेजात शिकलीस. मी म्हटलं, आष्टीच्या.

टेबल खिडकीजवळचं आहे. प्रदर्शन परतूरला येईल तेव्हा जाऊन बघा. मला सुट्टी नाही, तीन घुमट्या करायच्यात. दोघांच्या पायांवर डोकं ठेवते.
तुमची,
तृप्ती

॥ श्री ॥
आष्टी, २९ जानेवारी

चि. तृप्तीस अनेक आशीर्वाद.

काल परतूरला जाऊन आलो. आधी चहूबाजूंनी फिरून बघितली, मंग खांदा लावून जोरात ढकलली. वॉचमन धावत आला. त्याला म्हटलं, माझ्या नातीची आहे, मला हक्क आहे. त्यानं बसायला खुर्ची दिली.

माझी चाकं चाळीस वर्षं ह्या भागातल्या रस्त्यांनी फिरली. कुणी केली, हे कधी कुणी विचारलं न्हाई. काल घुमटीखाली संध्याकाळपर्यंत बसलो आणि आत येणाऱ्या हरेक माणसाला, त्यानं न विचारताच, तुझं नाव सांगितलं.

आजीचे आशीर्वाद. जीव लावतेस तसाच लावत जा.
तुझा आबा,
पुंजाराम