प्रमोशनप्रीत्यर्थ सत्यनारायण

२१ जानेवारी १९७९, रविवार, सकाळी ७
नवी वही. फक्त माझ्यासाठी, त्यामुळे हिच्यात खरं तेच लिहायचं.
चहा देताना वच्छलेने पुन्हा सत्यनारायणाचा विषय काढला. दीड वर्षापूर्वी मला कावीळ झाली तेव्हा ती नवस बोलली होती. म्हणाली, तुमी उठून बसला, हापिसात बी जाया लागला, आता देवाला किती दिस थांबवायचं. माझा नकार कधीच नव्हता. आधी बोनस होऊ दे, मग पंखा घेऊ, मग संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उरकू, असं रीतसर चाललं होतं.
आता योग आला आहे. आमचे हेडक्लार्क ३१ तारखेला रिटायर होतात. सीनियॉरिटी माझी. एकाच पूजेत दोन्ही उरकू. मुख्य प्रमोशन, कावीळ आपोआप त्यात आली.

२४ जानेवारी, बुधवार
साहेब जाता जाता म्हणाले, कुंडलिकराव, एक तारखेला तुमचं टेबल हलवावं लागेल. याहून स्पष्ट काय सांगायचं माणसाने?

२७ जानेवारी, शनिवार
पत्रिकेचा मजकूर स्वतः स्टेन्सिलवर टाइप केला. ‘आमची हेडक्लार्कपदी निवड झाल्याप्रीत्यर्थ श्रीसत्यनारायणाची पूजा योजिली आहे. रविवार ११ फेब्रुवारी, सायंकाळी ५.’ ‘होणार असल्याने’ लिहिलं असतं तर भिकार दिसलं असतं.
ऑफिसच्याच सायक्लोस्टाइल मशिनवर साठ प्रती काढल्या. हँडल गुरुसिद्धप्पाने फिरवलं. हा माझ्या शेजारच्या टेबलावरचा क्लार्क, चार वर्षांनी ज्युनिअर, अबोल. पहिली प्रत वाचून बोटांची शाई पुसत बसला. मनातून जळला असणार. चार्ज घेतल्यावर त्याला सांभाळून घेणे.

२८ जानेवारी, रविवार
पोथी चाळली. त्यातला तो वाणी म्हणजे कमालच. मूल झाल्यावर पूजा करतो म्हणाला, झाल्यावर म्हणे मुलीच्या लग्नात करू. इतका चालढकल करणारा माणूस मी पाहिला नाही. वच्छलेला मुद्दाम वाचून दाखवलं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. बहुधा तिला कथा नीट समजली नाही.

१ फेब्रुवारी, गुरुवार
ऑर्डर लागली. गुरुसिद्धप्पा.
टेबल हलवलं. नवीन कपाट आलंय, त्यासाठी खिडकीजवळची जागा हवी होती. मी आता दाराशी.
घरी गेल्या गेल्या सांगायचं, असं ठरवून निघालो. वच्छलेने दारातच विचारलं, आज काय झालं हापिसात? घरात रवा भाजल्याचा वास. म्हटलं, चार्ज घेतला. भरल्या घरात वाईट बातमी देऊ नये. उद्या नक्की.

३ फेब्रुवारी, शनिवार
आजही तिने तेच विचारलं. नव्या खुर्चीचं वर्णन केलं. वेताची आहे, हात आहेत, मागे रेलता येतं. यात खोटं काही नाही, खुर्ची तशीच आहे. तिच्यात कोण बसतं एवढंच सांगितलं नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार
टेंभुर्णीहून आप्पांचं कार्ड. पत्रिका देवळात वाचून दाखवली म्हणे. बारा जण घेऊन येत आहेत. वडील आहेत, त्यांना थांबवायचं कसं?
वच्छलेने विचारलं, आज काय झालं? म्हटलं, दोघांना झापलं. निश्चय: उद्या पहाटे उठून सगळं सांगणे.

७ फेब्रुवारी, बुधवार
पहाटे उठलो. ती झोपली होती. दिवसभर राबणाऱ्या बाईला उठवणं माणुसकीला धरून नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
भटजींकडे जाऊन सुचवलं की संकल्प जरा हळू आवाजात, थोडक्यात घ्यावा. ते म्हणाले, छे, पूजा कशासाठी हे खणखणीत सांगायचं असतं. आमची पत्रिका त्यांनी पोथीत खुणेला घातली आहे.
जमेची बाजू एकच. गुरुसिद्धप्पा काही येणार नाही. त्याच्या जागी मी असतो तर गेलो नसतो.

११ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ४
केळीचे खुंट बांधले. घर माणसांनी भरलं आहे. गुरुसिद्धप्पा सगळ्यांच्या आधी आला. बायकोला, दाक्षायणीला, घेऊन आलाय. एक डझन केळी आणली आणि सतरंजी अंथरायला लागला. मी मोरीत जाऊन दोनदा तोंड धुतलं.

१२ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी
लिहायचं नव्हतं. पण पहिल्या पानावर काय लिहिलंय ते वाचलं.
चौरंगापुढे बसलो. भटजींनी हातात पाणी दिलं, वच्छलेला माझ्या हाताला हात लावायला सांगितलं. मग पोथीतून पत्रिका काढली, चष्मा लावला आणि विचारलं, यजमान, पूजा कशाप्रीत्यर्थ? समोर आप्पा आणि टेंभुर्णीचे बारा जण. त्यांच्या मागे गुरुसिद्धप्पा, मान खाली घालून.
तेव्हा वच्छला बोलली. म्हणाली, ह्यांना कावीळ झालती. बरं झालं म्हंजी सत्यनारायण घालीन आसं मी बोलले हुते. त्ये म्हना. भटजी म्हणाले, अहो पण पत्रिकेत वेगळंच आहे. ती म्हणाली, त्यो कागद हापिसातला हाय. हितं माझा नवस हाय.
भटजींनी पत्रिका मिटली आणि कावीळ खणखणीत आवाजात म्हटली. मी पाणी सोडलं. तिने हात काढला नाही. आप्पांनी उपरण्याने डोळे पुसले. सहा आठवडे पिवळा होऊन पडलो होतो, तेव्हा आप्पा टेंभुर्णीहून दर रविवारी यायचे, हे मला काल आठवलं.
पुढे कथेत तो वाणी आला. मला खरोखर लाज वाटली. सगळा अध्याय मी फरशीकडे बघत ऐकला.
प्रसाद वाटून झाल्यावर दाक्षायणीच्या बोलण्यातून कळलं. ती एक तारखेलाच दुपारी घरी येऊन गेली होती. वैनी, ही जागा आमी काय मागितली न्हवती, म्हणून रडली होती. म्हणजे त्या संध्याकाळी वच्छलेने दारात विचारलं तेव्हा तिला ठाऊक होतं. झापलं सांगितलं, तेव्हाही. वेताची खुर्ची तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली होती.
रोज विचारून ती मला एक संधी देत होती. मी रोज तिला काहीतरी बनवून सांगत होतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
प्रसादाचा डबा ऑफिसात नेला. पहिला गुरुसिद्धप्पाला दिला. त्याने उठून दोन्ही हातांनी घेतला. मला मान वर करता आली नाही.
घरी आलो. वच्छलेने दारातच विचारलं, आज काय झालं हापिसात?
म्हटलं, टेबल दाराशी आहे. मी क्लार्कच आहे. एक तारखेपासून.
ती म्हणाली, दाराशी वारा तरी येत आसंल की.
म्हटलं, येतो.
मग तिने ताट वाढलं.