उद्घाटनाची प्रार्थना

४ फेब्रुवारी

चि. धाकटू यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. प्रभूच्या कृपेने इकडे सर्व क्षेम.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. दिवसभर औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते आणि घरी आलं की पप्पा. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात बराच सुधारलाय. काठी घेऊन चालतात, आपल्या हाताने जेवतात. वाचा मात्र गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणतात, डोक्यात सगळं जागच्या जागी आहे, पण तोंडापर्यंत शब्द येत नाहीत. एकच शब्द येतो, तो म्हणजे बादली. चहा हवा असला तरी बादली, पंखा लाव म्हणायचं असलं तरी बादली. सुरुवातीला मी खरोखरच बादली भरून त्यांच्यापुढे ठेवली होती. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला शाळेतलं त्यांचं मुख्याध्यापकपण आठवलं. हो आणि नाही यांच्या मानासुद्धा कधी कधी उलट्या हलतात.

ज्यांच्या प्रार्थनेसाठी लोक लग्न-मयतीची वेळ पुढेमागे करायचे, ते आता उपासनेला यायलाच तयार नाहीत. रविवारी मी साडी नेसून तयार झाले, की ते खुर्चीचे हात घट्ट धरून बसतात.

आता मुख्य गोष्ट. चर्चची दुरुस्ती संपत आली आहे. पुढच्या महिन्यात उद्घाटन. आरंभीची प्रार्थना पप्पांनीच करावी असं कमिटीने आजारपणाच्या आधीच ठरवलं होतं. सेक्रेटरींनी तोडगा काढलाय. पप्पांच्या जुन्या प्रार्थनेचं रेकॉर्डिंग त्यांच्याकडे आहे. पप्पांनी माइकपुढे डोळे मिटून, हात जोडून उभं राहायचं आणि रेकॉर्डिंग लावायचं. पाहुण्यांना कळणारसुद्धा नाही, म्हणाले. मला आधी कसंतरीच वाटलं. पण त्यांचा मान राहील, असा विचार करून मी हो म्हटलं. तुला काय वाटतं?

आणखी एक. दुपारी मी दुकानात असते तेव्हा पप्पा कुठेतरी जातात. शेजारच्या काकू सांगत होत्या. विचारलं तर बादली.

उद्घाटनाला येशील का? इतकी वर्षं झाली. लोभ आहेच, तो थोडा पत्रांतूनही दिसू दे.

तुझी ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. ‘सर्व क्षेम’ असं लिहून खाली तू जे लिहिलंस, त्यात क्षेम कुठे आहे ते मी लिफ्टच्या खड्ड्यात बॅटरी मारून पडलेला नट शोधतात तसं शोधलं. सापडलं नाही.

बादलीचं वाचून हसलो आणि मग जेवण गेलं नाही.

रेकॉर्डिंगचं विचारशील तर मला ते अजिबात पटलेलं नाही. डोळे मिटून उभं राहायचं आणि आवाज मशीनचा, याला नाटक म्हणतात. कंपनीत आम्ही बंद लिफ्टवर ‘चालू आहे’ असा बोर्ड लावला तर नोकरी जाईल. पप्पांना विचारलंस का? त्यांच्या माना उलटसुलट हलतात, तर चार वेळा विचार.

यायचं म्हणशील, तर नको. आमचं रजिस्टर लग्न झाल्यावर पुढच्याच रविवारी मी हिला चर्चला घेऊन आलो होतो. ही कुठल्याच देवाच्या दारात फारशी न गेलेली, तरी माझ्यासाठी आली, डोक्यावरून पदर घेऊन बसली. आणि पप्पांनी व्यासपीठावरून, प्रभू, माझ्या भरकटलेल्या मुलाला आणि अंधारात असलेल्या त्याच्या सोबतिणीला प्रकाश दाखव, असं सुरू केलं. सगळी मंडळी डोळे मिटायच्या ऐवजी मान वळवून आमच्याकडे बघत होती. बाहेर आल्यावर हिने मला एवढंच विचारलं, की हे त्यांना मला सांगायचं होतं, तर देवाला कशाला मध्ये घातलं?

माझा राग गेलाय असं मी म्हणतो. ही म्हणते, गेला असता तर एव्हाना आपण तिकीट काढलं असतं. कंडक्टर बाई आहे, तिकिटाशिवाय बोलत नाही.

तब्येतीला जप. काउंटरवर एक स्टूल ठेव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटू


२३ फेब्रुवारी

चि. धाकटूस,
अनेक आशीर्वाद. या वेळी क्षेमबिम लिहीत नाही, सरळ सांगते.

परवा दुकानातून लवकर निघाले आणि पप्पांच्या मागे गेले. आपल्या गल्लीच्या टोकाला टेलरबाईंचं दुकान आहे, ते तुला आठवत असेल. त्याच टेलरबाई. नवऱ्याचं घर सोडून मुलीला घेऊन वेगळ्या राहायला लागल्या, तेव्हा पप्पांनी भर उपासनेत ‘घर मोडणाऱ्या आमच्या बहिणीला नम्रता दे’ अशी प्रार्थना केली होती. बाई अर्ध्या उपासनेतून उठून गेल्या, त्या पुन्हा चर्चची पायरी चढल्या नाहीत. पप्पा त्यांच्या दुकानात बसले होते! स्टुलावर, पुढ्यात शर्टांचा ढीग, आणि कात्रीने एकेका काजाचे लोंबणारे धागे कापत होते. डावा हात धरायला, उजवा कापायला. डॉक्टरांनी सांगितलेला रबरी चेंडू घरी धूळ खातोय आणि खरा व्यायाम इथे चाललाय.

मला पाहून ते दचकले. मग पुन्हा धाग्यांकडे वळले.

बाईंनी मला बाहेर नेऊन सांगितलं. पहिल्या दिवशी ते नुसते उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहिले. बाईंना वाटलं, पुन्हा काही सुनवायला आले. त्यांनी मशीन थांबवलं नाही. पप्पा उभेच. मग बादली, बादली असं म्हणत ते हात जोडायला लागले. उजवा हात नीट येत नव्हता, तर डाव्याने उचलून त्याला जोडला. आणि रडले. बाई मला म्हणाल्या, की मास्तरांची भाषणं मी खूप ऐकली, त्यातलं एकही मला लागू पडलं नाही, हे मात्र सगळं कळलं. त्यांनी लगेच माफ केलं असं समजू नकोस. त्या म्हणाल्या, दोन दिवस मी त्यांना उभंच ठेवलं, मला त्याचं वाईट वाटत नाही. तिसऱ्या दिवशी स्टूल दिलं.

धाकटू, मी रस्त्यात उभी राहून रडले.

रेकॉर्डिंगबद्दल तू सांगितल्याप्रमाणे चार वेळा विचारलं. दोनदा मान हो म्हणून हलली, दोनदा नाही म्हणून. सेक्रेटरी म्हणतात, आता पत्रिका छापून झाल्यात. गंमत बघ, व्यासपीठामागचा नवा पडदा कमिटीने टेलरबाईंकडेच शिवायला दिलाय. काम चालतं, बाई चालत नाही.

माझ्या भावजयीला माझी आठवण सांग. तिला आजवर मी कधी असं लिहिलं नव्हतं, हे आत्ता लक्षात आलं. दोघांवर जीव आहे.

ताई


१८ मार्च

चि. धाकटू आणि वहिनी,
दोघांना आशीर्वाद. काल उद्घाटन झालं. ऐका.

चर्च सुंदर दिसत होतं. नवा रंग, नवे पंखे, पुढच्या रांगेत पाहुण्यांना गादीच्या खुर्च्या, मलाही त्यातली एक. पप्पांना मी कोट घालून नेलं. ते आले कसे, याचंच मला नवल वाटत होतं. टेलरबाई पडद्याची शिवण खालून उसवली होती ती घालायला सकाळी आल्या होत्या. काम होईपर्यंत लोक भरले, म्हणून त्या दाराजवळच्या शेवटच्या बाकावर टेकल्या.

पाळकसाहेबांनी नाव घेतल्यावर पप्पा काठी टेकत माइकपुढे गेले, डोळे मिटले. कोपऱ्यातून सेक्रेटरींनी मशीन लावलं. आणि तो आवाज आला. हे स्वर्गीय बापा! तुला आठवतो ना तो आवाज, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या तो? नव्या स्पीकरमुळे आणखीच भारदस्त वाटत होता. पाहुण्यांनी माना खाली घातल्या. पप्पांनी मात्र डोळे उघडले. कुणी परका माणूस बोलतोय तसे ते ऐकत राहिले. मग त्यांनी हात वर केला. सेक्रेटरींना वाटलं, आशीर्वादाचा हात आहे. त्यांनी आवाज वाढवला!

पप्पा व्यासपीठावरून उतरले, एकेक पायरी करत मशीनपर्यंत गेले आणि त्यांनी वायर ओढली. आवाज ‘आम्ही पापी’ या शब्दावर तुटला.

खरं सांगते, त्या क्षणी मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. पप्पांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. ओठ हलले, मान ताठ झाली, शब्द आला तो बादलीच. क्वायरमधलं कुणीतरी खुदकन हसलं. पप्पांना राग आला नाही. ते मधल्या वाटेने चालत थेट शेवटच्या बाकाकडे गेले. टेलरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पर्स उचलून मांडीवर घेतली आणि सरकून जागा केली. पप्पा बसले. डोळे मिटले. कपाळ पुढच्या बाकाच्या पाठीला टेकवलं. बस, इतकंच.

आपले नवे पाळकसाहेब वयाने तुझ्याएवढे. त्यांनी घाईघाईने काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती तर कुणी दोष दिला नसता. ते गप्प उभे राहिले. सगळं चर्च गप्प झालं. फक्त पंख्यांचा आवाज. मग पाळकसाहेब म्हणाले, की आरंभीची प्रार्थना झाली आहे, आता आपण गाऊ या. गाणं चालू असताना मी गादीची खुर्ची सोडून मागे गेले. बाईंनी मलाही जागा दिली.

सेक्रेटरी माझ्याशी बोलत नाहीत. वायरचा पॉइंट बिघडला म्हणे. बिघडू दे. टेलरबाईंना मी विचारलं, पुढच्या रविवारी याल का? बघू, म्हणाल्या. पप्पा मात्र येणार, कोट आत्ताच दारामागे काढून ठेवलाय.

तुम्हा दोघांना भेटावंसं फार वाटतंय.

ताई


२६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र आधी हिने वाचलं. मी कामावरून आलो तेव्हा ही गणवेशातच बसली होती, तिकिटांचं मशीनसुद्धा खांद्यावरून काढलं नव्हतं. मला म्हणाली, रजा टाक. मी म्हटलं, बघतो. ती म्हणाली, बघतो नाही, टाक.

शनिवारी पप्पांना न्यायला येतो. महिनाभर आमच्याकडे राहू देत. तुलाही विश्रांती मिळेल. टेलरबाईंना सांग, मदतनीस पळवतोय, परत आणून देईन.

धाकटू


९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पप्पा मजेत आहेत. आमच्या इमारतीत लिफ्ट आहे, तरी ते रोज एक मजला जिन्याने उतरतात. खालच्या मजल्यावरच्या आजोबांशी बुद्धिबळ जमलंय. तिथे बोलावं लागत नाही, आणि पप्पा सरळ सरळ फसवतात असं ते आजोबा म्हणतात.

पण तुला पहिल्या संध्याकाळचं सांगायचंय. स्टेशनवरून घरी आलो तर हिने दार उघडलं. पप्पा आत येईनात. काठी माझ्या हातात दिली आणि तिच्यासमोर हात जोडायला लागले. हिने ते हात मध्येच धरले. म्हणाली, पप्पा, जेवण निवतंय.

जेवायला बसलो. लहानपणची सवय, मी हात मांडीवर ठेवून प्रार्थनेसाठी थांबलो. हिला ते ठाऊक होतं. तिने पप्पांना सांगितलं, तुम्ही करा, कशीही करा. पप्पांनी मान हलवली आणि बोट तिच्याकडे केलं. मी म्हटलं, पप्पा, तिला येत नाही. त्यांनी बोट हलवलंच नाही. मग ही डोळे उघडे ठेवूनच बोलली, बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जावं तशा आवाजात. म्हणाली, जो कोणी आहेस त्याला, यांना सुखरूप आणलंस, इतकी वर्षं वाया गेली ती गेली, आज आम्ही तिघं एका टेबलाशी आहोत, त्याबद्दल आभार. आणि माझ्याकडे पाहिलं, बरोबर झालं का, असं.

पप्पांनी तोंड उघडलं. ‘आ’ इतकं आलं आणि अडकलं. पुन्हा ‘आ’. मी पुढचं ‘मेन’ सांगणार होतो, हिने टेबलाखालून माझा पाय दाबला. आम्ही थांबलो. पप्पांनी पुन्हा जोर लावला, कपाळावर शीर उठली. नाही आलं, ताई. आणि मग ते हसले. प्रार्थनेच्या वेळी हसलेले पप्पा मी जन्मात पाहिले नव्हते. हसत हसत त्यांनी भाकरी मोडली आणि पहिला तुकडा हिच्या ताटात ठेवला.

पुढच्या सुट्टीत आम्ही तिघंही येतो. तोवर आमच्यावरचा जीव असाच असू दे, आणि स्टूल ठेवलंस की नाही ते कळव.

तुझा धाकटू