भोंग्याचं टोपडं

दारव्हा
१२ नोव्हेंबर २००५

ती. बळीराममामांना संघदीपचा जय भीम. मैत्रेयीताईला आणि जावईबुवांनाही.

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा थंडीनं धरला आहे, पण तोंड चालू आहे. कालच म्हणाली, "भावाले लिही, वणीत कोळशाची धूळ लय, तोंडाले फडकं बांधूनच निंघत जाय म्हणा." लिहिलं.

तुम्ही ताईकडे वणीला गेल्याला सहा महिने झाले. करुणा ब्रास बँडचं काय विचारता. दिवाळीनंतरच्या हंगामाच्या दोनच सुपाऱ्या, त्यातली एक कुठल्याशा दुकानाच्या उद्घाटनाची. लोकांच्या घरात कापूस छतापर्यंत लागला आहे, भाव नाही, म्हणून लग्नं पुढे ढकलून राह्यले. ज्यांचं होतं ते बँडऐवजी डीजे सांगतात. लखीराममास्तर क्लॅरिनेट पुसत बसतात आणि म्हणतात, "संघ्या, भोंगा नसला का वरात चालत नाही रे, घसरते." तुमच्यानंतर भोंगा कोणी खांद्यावर घेतला नाही. खोलीत कोपऱ्यात उभा आहे. अंगात घालून फुंकायचं एवढं मोठं पितळ, माणसाविना अगदीच पोकळ दिसतं.

माझं मात्र बरं चाललं आहे. तुम्ही लावून दिलेलं काम. राळेगावच्या एका बँडनं भोंग्याच्या तोंडावर चढवायची तीन टोपडी सांगितली. आईला हसू येतं, म्हणते, "बारशाचं टोपडं ऐकलं होतं, पितळेच्या तोंडाले टोपडं तुमच्याच घरी." सव्वीस इंची तोंड, कडेला मखमलीची पट्टी, आत इलॅस्टिक, मधे जाळीदार कापड आणि त्यावर बँडचं नाव, टिकल्या लावून. तुम्ही शिकवलं तसंच करतो. कापड तोंडासमोर धरायचं, फुंकायचं, पलीकडे धरलेल्या हाताला हवा लागली तर कापड खरं. नाही लागली तर कितीही देखणं असो, ते बाज्याचं नाही, पलंगपोसाचं.

आता मुद्द्याचं. मास्तर नवा माणूस शोधत आहेत. त्यांनी शोधू नये असं मला वाटतं. तुम्ही परत या. त्या दिवशी वरातीत तुम्ही म्हणालात, छातीतली हवा सरली. मामा, मे महिना होता. डांबर चपलेला चिकटत होतं. चौकाचा चढ होता. सकाळपासून तुम्ही नुसत्या चहावर होतात. कोणाचाही सूर बसला असता. एका दुपारवरून चाळीस वर्षांच्या छातीला खोटं ठरवू नका.

वरात कोणाची होती ते तुम्हाला माहीत आहे. त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

या. आई वाट पाहते. मीही.

तुमचा भाचा
संघदीप


दारव्हा
८ जानेवारी २००६

मामा, जय भीम.

काल एसटीडीवर ताईचा फोन आला. ती हसत होती. म्हणाली, "बाबानं समोरचे वरचे दोन दात काढून घेतले. चार वर्षं ठणकत होते, कोणाले हात लावू देत नव्हते. आता म्हनते, वाजवाचंच नाही तर राखू कोनासाठी?" मग म्हणाली, छातीचा फोटोही काढला. डॉक्टरनं छाती एकदम साफ आहे म्हणून सांगितलं, तर तुम्ही त्यालाच म्हणालात, "तुले काय समजते? मले भोंग्यानं सांगतलं."

तिला वाटलं मीही हसेन. मी रिसीव्हर ठेवून दिला.

ताईला माहीत नाही, मला आहे. बाज्याचं माउथपीस वरच्या दातांवर टेकतं. ओठ वाजवतो, दात धरून ठेवतो. हे तुम्हीच सांगितलं होतं, ठणकता गाल हातात धरून. लवंग चावून चार वर्षं ते दात राखलेत आणि आता काढून टाकलेत. मागचं पत्र मी उन्हावर आणि चढावर रेटलं. ते सगळं खोटं होतं. ऊन होतं, चढ होता, पण तुमचा सूर त्यांनी नाही मारला.

कॉलेज का सोडलं ते मी कोणाला नीट सांगितलं नाही. खुशी माझ्याच वर्गात होती. सदाशिवरावांची मुलगी, त्यांची ती मोठी शेती. वर्षभर तिच्या वहीतून नोट्स उतरवल्या, दोनदा एसटी स्टँडवर चहा घेतला. एवढंच. पण माझ्या डोक्यात तेवढ्यावर मजलेच्या मजले चढले होते. एका पोट्ट्यानं वर्गात तिच्या नावाला माझं नाव जोडून जातीवरून काहीतरी म्हटलं. मी स्टूल उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. प्राचार्यांनी तिला बोलावून विचारलं, "हा तुझा कोण?" ती म्हणाली, "वर्गात आहे, एवढंच माहीत आहे." मी तिथूनच निघालो. दप्तरही आणलं नाही.

घरात आठ दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही. तुम्ही आलात आणि म्हणालात, "राग आहे ना हातात? मंग सुईत ओव. ये, मशीनवर बस."

मे महिन्यात मास्तर नवं टोपडं सांगायला आले. हंगामातली मोठी सुपारी, बँड नवा दिसला पाहिजे म्हणाले, आणि पत्ता राहू दे म्हणून लग्नपत्रिका माझ्या मशीनवर ठेवून गेले. मी नवरीचं नाव वाचलं.

मामा, त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही नव्हताच. नवरदेव होता, घोडा होता, ती होती. म्हटलं, तिची वरात मुकी झाली पाहिजे. लोकांनी म्हटलं पाहिजे, ही वरात आहे का मयत. आमच्या पडवीत कापूस पडलेलाच होता, कोणी घेत नव्हतं. तो पिंजून दोन बोटं जाडीचा थर भरला. वर रेग्झिनचं अस्तर घातलं. त्यावर निळी मखमल, आणि मखमलीवर सोनेरी अक्षरात 'करुणा'. मग तोंडासमोर धरून फुंकलं. पलीकडच्या हाताला काहीच लागलं नाही. पुन्हा फुंकलं. खात्री केली, मामा.

तुम्ही ते पाहून म्हणालात, "वा रे पोट्ट्या! नवरदेवापेक्षा आपला भोंगाच नटला." आणि फुंकून न पाहताच चढवलं. मी शिवलं होतं म्हणून.

पहिल्या गल्लीत मला बरं वाटलं, हेही लिहितो. क्लॅरिनेट एकटीच चिरकत होती, तिच्याखाली भोंग्याचा सूरच नव्हता. मग नवरदेवाचा कोणी दोस्त ओरडला, "ओ बुढाऊ, वाजवता का नुसतं उचलून नेता?" लोक हसले. तुम्ही जोर लावला. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या झाल्या. आणखी जोर लावला. मास्तरांनी एकदा मागे वळून तुमच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मी वरातीत तुमच्या मागे चार पावलांवरच चालत होतो. एक हात वर करून ते टोपडं ओढलं असतं तर झालं असतं. ओढलं नाही. ओढलं तर आतला कापूस दिसला असता.

पिठाच्या गिरणीच्या पायरीवर तुम्ही बसलात. भोंगा अंगातून काढलात. म्हणालात, "संघदीप, सरली रे हवा." मी पाणी आणून दिलं. तुम्ही प्यायलात आणि मलाच म्हणालात, "घाबरू नको, होते असं या वयात."

वरात पुढे निघून गेली. तिच्या वरातीचं काहीही बिघडलं नाही. मागून डीजेची गाडी येतच होती. भोंगा बंद पडला हे तिला कळलंसुद्धा नसेल.

दुसऱ्या दिवशी सगळी शिवण उसवली, कापूस काढला आणि सांगायला म्हणून तुमच्या घरी आलो. तुमची पिशवी भरलेली होती. तुम्ही माउथपीस माझ्या हातात दिलं. "नवा मानूस आला का त्याले दे. धुऊन दे." मी हो म्हणालो. तुम्हाला वणीच्या बसमध्येही मीच बसवलं. खिडकीतून तुम्ही हात केला, तेव्हाही वेळ होती.

आज सकाळी बँडच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं. वाटलं होतं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. मास्तरांनी हातातली क्लॅरिनेट खाली ठेवली. मग म्हणाले, "त्या दिशी मी मांगं वळून पाह्यलं होतं. बळीरामले वाटलं असंल, लखीरामनंही आपल्याले बुढ्यात काढलं. ते नजर मी आता कशी वापस घेऊ?" थोड्या वेळानं म्हणाले, "पत्र तूच लिही. आजच लिही. अन् वणीले तोंड दाखवाले आत्ताच जाऊ नको. पहिले त्याले ऐकू दे."

म्हणून लिहितो आहे. माफी मागत नाही. माफी दिलीत तर माझं ओझं उतरेल, तुमचे दात काही परत येणार नाहीत. कवळी लावून कोणी भोंगा वाजवतं का, हे विचारायला एकदा उठलो होतो. गेलो नाही. ते मी तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी विचारलं असतं.

पण आठ महिने तुम्ही जिन्यात मधेच थांबत असाल. नातवाला कडेवर घेताना "नको, दम लागते" म्हणत असाल. कोणी लांबून हाक मारली तर हाकेला हाक देत नसाल. हे सगळं तुम्ही माझ्यामुळे करता आहात आणि दोष स्वतःच्या छातीला देता आहात.

मैत्रेयीताई, मामांना वाचता येत नाही, म्हणजे हे तूच वाचून दाखवत असशील. आवाज बसला असेल तर पाणी पी. पण मधलं काही गाळू नको, मला वाचवायला तर मुळीच नाही. आणि एवढं मोठ्यानं वाच, दोनदा वाच: बाबा, तुमची हवा सरली नव्हती. त्या दिवशी नव्हती आणि आजही नाही.

'तुमचा भाचा' असं या वेळी लिहीत नाही. ते लिहायचं की नाही, तुम्ही सांगाल.

तुमचा श्वास कोंडणारा
संघदीप