अम्मीचा रिपोर्ट

सोलापूर

आसिफभाई, सलाम.

हे तुझ्या हातात द्यायचं नाही, तरी लिहिते.

अम्मीचा टायफॉइडचा ताप उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. म्हणाले, "कुठलं औषध लागू पडेल ते रिपोर्टवरून कळेल. तोवर हीच इंजेक्शनं चालू ठेवू." लॅबमध्ये तू घाईत, मला न सांगता, तुझाच नंबर दिलास आणि ट्रक घेऊन हुबळीला गेलास. डॉक्टर रोज विचारायचे, "रिपोर्ट आला का?" मी माझा मोबाईल बघून "नाही" म्हणायची. मग अम्मीचं आतडं फुटलं, आणि ऑपरेशनला नेईपर्यंत ती गेली.

अम्मीच्या चाळीसाव्या दिवसाची दुवा झाल्यावर, रात्री तू झोपला होतास. अम्मीचा फोटो शोधायला मी तुझा मोबाईल घेतला. त्यात तो रिपोर्ट होता, न उघडलेला. अम्मी अजून बोलत होती तेव्हा आलेला. चालू असलेलं इंजेक्शन या जंतूवर चालत नाही, असं त्यात होतं, आणि चालणाऱ्या औषधांची नावंही होती. मी तो पुसून टाकला. मला रडू आलं नाही. उठून भांडी घासली.

काल जेवताना तू विचारलंस, "झीनत, तो रिपोर्ट शेवटपर्यंत आलाच न्हाय का?"

"न्हाय आला," मी म्हणाले आणि तुला आणखी एक भाकरी वाढली.

तुझी बहीण,
झीनत