उलटे रकाने

मावशी,

सकाळी फोनवर किती कौतुकाने म्हणालीस, "अगं, तुझा लेख फुकटात वाचायला मिळाला! डॉक्टरांना दाखवला, त्यांनी लगेच डोस वाढवला." मी घाईने फोन ठेवून लेखातला डोसचा तक्ता उघडला.

लेख सगळ्यांना खुला व्हावा म्हणून विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या मागे लागून मीच छपाईची फी मंजूर करून घेतली. आणि तक्त्यातले दोन रकाने माझ्याच हातून उलटे पडलेत. धडधाकट किडनीचा डोस दुबळ्या किडनीखाली गेलाय. तुझ्यासारख्यांच्या.

नोकरी जाईल या भीतीने तासभर इथे शब्द जुळवत बसलेय. तुझी दुपारची गोळी दोनची. दोनला दहा कमी आहेत.

जळलं मेलं हे पत्र! फोन लावलाय. रिंग वाजतेय. उचल ना गं.

तुझीच,
ठकी