पाटीची हिरवी बाजू

३ मार्च
आईला घेऊन निवृत्तांच्या वसाहतीत सुखरूप पोचलो. रस्ते झाडलेले, कुंपणं कातरलेली, माणसं अशी हसतमुख की जणू तीही कोणीतरी सकाळीच कातरून ठेवली असावीत. घरं दोन बघायची आहेत. एक कोरं: भिंतींना रंगाचा वास, नळांवर अजून कागद, अंगणात सिमेंटची पोती. दुसरं मागच्या गल्लीतलं, वापरलेलं: पडदे, कपाटं, न्हाणीघरात धरायला दांडे, सगळं जागच्या जागी. दलालाने समजावलं की नवं घर म्हणजे नवे बूट, चावतात. हे कसं, पायात बसलेलं. उपमा बरी आहे, पण बूट कोणाचे, असं मी बाजूला घेऊन विचारलं. आधीच्या बाई याच घरात गेल्या म्हणे, पण ते आजींना सांगू नका. आईने विचारलं तेव्हा मी सांगितलं की त्या मुलाकडे राहायला गेल्या. वाक्य सहज निघालं. व्याकरणही निर्दोष होतं.

४ मार्च
सही करण्याआधी आठवडाभर राहून बघायची इथे मुभा आहे. अर्थात जुन्या घरातच, कारण नव्याला अजून वीज नाही. आईला मात्र नवंच हवं. जन्मभर दुसऱ्यांच्या उष्ट्या घरांत राहिले, शेवटचं तरी कोरं असू दे रे, म्हणाली. पण ते तयार व्हायला सहा महिने, आणि तोवर आई माझ्याकडे. हे कारण मी तिला सांगितलं नाही. तिचे गुडघे, मागची बाग आणि न्हाणीघरातले दांडे यांवर सोदाहरण व्याख्यान दिलं. ताईने फोनवर विचारलं, तुला आईसाठी घर हवंय की आईपासून सुट्टी? ताई माझ्यासारखी संस्कृत शिकली नाही, पण अन्वय तिला अचूक लागतो.

५ मार्च
इथली एक पद्धत मजेशीर आहे. दाराबाहेर दुतोंडी पाटी टांगलेली असते. झोपताना लाल बाजू पुढे करायची. सकाळी उठलं की ज्याचं त्याने हिरवी करायची. हिरव्या बाजूवर लिहिलंय: ‘मजेत आहे.’ चहाच्या सुमाराला देखरेखीच्या बाई फेरी मारतात. लाल दिसली की किल्लीने दार उघडून आत येतात.

आज आईला उठायला उशीर झाला, म्हणून बाई आत आल्या आणि तिच्याशी गप्पा मारत बसल्या. घर आवडलं का, असं विचारल्यावर आई तोंड उघडणार, तोच मी तिला गोळ्यांची आठवण करून दिली. बाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. उद्यापासून पाटी मीच फिरवीन. आईची झोप होईल. (आईचीच झोप, असं इथे लिहून ठेवतो.)

७ मार्च
काल मी फिरवली. आज गेलो तर आधीच हिरवी. आई गाढ झोपलेली. उठल्यावर तीच म्हणाली, फिरवलीस ना, बरं केलंस. मी हो म्हटलं.

तिचं जेवणावर मन नाही. त्या बाई फार चांगल्या आहेत, म्हणते. कोण बाई म्हटलं, तर पलंगाच्या कडेला बसतात त्या. लेकाला त्रास द्यायचा नाही, एवढंच सांगतात.

८ मार्च
देखरेखीच्या बाईंना आडून विचारलं. आधीची बाई न्हाणीघरात पडली होती. मुलगा पाहुणेघरात उतरलेला. सकाळी फिरायला जाताना आईची पाटी हिरवी करून जायचा. आमची कटकट नको म्हणून, बाई म्हणाल्या. हिरवी दिसली, मी पुढे गेले. दुसऱ्या दिवशीही. आणि तिने हाकसुद्धा मारली नाही हो.

मी खाली बघत होतो. बाई कौतुकाने म्हणाल्या, तुमच्या आई मात्र लवकर उठतात हं. उजाडायच्या आत पाटी हिरवी.

मी आज पाटीला हात लावलेला नाही.

९ मार्च
आईला ताप. पाटी हिरवी. मी लाल केली. वळलो — हिरवी.

आई म्हणते, नवं घर नको. तू म्हणशील ते. तुला त्रास नको. हे शब्द तिचे नव्हेत. आवाजही —

मला हवं होतं तेच ती म्हणाली. आणि क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यासाठी लाज वाटते. पाटीसाठी नाही, त्या क्षणासाठी.

१० मार्च
आई न्हाणीघरात पडली. कडी आतून. धक्के मारले — हलत नाही. हाक मारली तर आतून दोघी म्हणतात, काही नाही रे, तू जा.

पुढचं दारही उघडत नाही. ताईला फोन लावला. सांगायला गेलो — तोंडातून निघालं, आम्ही मजेत आहोत. बरं म्हणाली. ठेवला.

खिडकीतून बाई येताना दिसतात. पाटी बघतील, पुढे जातील. ओरडून उपयोग नाही, तेच निघेल. हात अजून माझा आहे. हे पान फाडून बाहेर टाकतो —

बाई, पाटीवर जाऊ नका. ती आधी मीच खोटी फिरवली. तुम्ही आत येऊ नये म्हणून. आईला हे घर नकोच होतं. किल्ली आहे ना तुमच्याकडे, आत या. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण या. आई न्हाणीघरात पडली आहे आणि आम्ही दोघंही इथे अगदी मजे—